थोरलीचं खाणं

४ ऑक्टोबर

मामा,

नमस्कार. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मामी निरोप निम्माच पोचवते, म्हणून पत्र. हे पत्र घेऊन आलेला माणूस आमच्या प्लँटचा बॉयलरवाला. आम्ही सगळे त्याला भोंगा म्हणतो. का, ते त्याने तोंड उघडलं की कळेल. त्याची सासुरवाडी तुमच्याच गावात आहे. त्याच्या हातात कापडात गुंडाळलेली बाटली आहे, तिचं नाव थोरली. बाटली आधी सावलीत ठेव, मग पुढचं वाच.

आम्ही काय करतो ते तुला थोडंफार माहीत आहे. पीक काढल्यावर शेतात जे उरतं, गव्हाचं काड, मक्याची धाटं, जे लोक सरळ पेटवून देतात, ते आम्ही आणून बारीक चिरतो आणि आम्ल घालून वाफेवर शिजवतो. त्याची साखर होते. ती साखर यीस्टला खायला घालायची आणि यीस्ट जे अल्कोहोल सोडतं ते इंधन म्हणून काढून घ्यायचं. सांगायला सोपं आहे. घोडं अडतं ते यीस्टपाशी. काड शिजताना रसात साखरेबरोबर विषही उतरतं. तुझ्या पावाचं यीस्ट त्यात टाकलंस तर दिवसभरही टिकणार नाही. थोरली टिकते. नऊ वर्षं मी तिला तो रस पाजत आणला. सुरुवातीला साखरपाण्याच्या पेल्यात एक थेंब, मग दोन, मग चमचा. किती वेळा मेली ते सांगत नाही. दर वेळी ज्या चार-दोन पेशी तगल्या त्यांच्यावरून पुढचा पेला लावायचा. आज ती निव्वळ काळ्या रसावर जगते.

मुख्य कार्यालयाने प्लँट चार महिने थांबवलाय. विचार करतायत म्हणे. तोवर मला साबणाच्या कारखान्यात धाडलंय, आणि तिथल्या वसतिगृहात खोलीत बाटल्या ठेवू देत नाहीत. थोरलीचा मुख्य साठा इथल्या फ्रीझरमध्ये आहे, त्याची काळजी नाही. तुझ्याकडची बाटली आपली असू दे हाताशी म्हणून.

बरोबर पाच लिटरचा कॅन आहे, त्यात काळा रस. दर सोमवारी एक चमचा रस बाटलीत घाल, हलव, झाकण सैल ठेव. फेस दिसला की समज ठीक आहे. चाळीस वर्षं पाव भाजलेल्या माणसाला फेस कसा बघायचा हे मी काय शिकवणार?

मामीला सांग, ही दारू नाही. कुणी विचारलं तर तेवढंच सांगायचं.

तुझी
बारकी


१२ ऑक्टोबर

चि. बारकीस, पोटभर आशीर्वाद.

तुझी थोरली पोचली. भोंग्याने दारातूनच हाक मारली आणि शेजारची दोन घरं बाहेर आली. पण खरं सांगू का, त्याचा शब्दन् शब्द मला ऐकू आला. बाकीचे माझ्याशी बोलताना असे ओरडतात की आपण काहीतरी गुन्हा केलाय असं वाटतं. हा ओरडतच नाही, त्याचं बोलणंच तसं आहे. बॉयलरशेजारी सगळा जन्म गेला म्हणाला. मी त्याला दोन तास बसवून घेतलं. मामी म्हणाली, तीन वर्षांत तुम्ही एवढं कुणाशी बोलला नाहीत.

बाटली जिन्याखाली ठेवली आहे, माझ्या खमिराच्या बरणीशेजारी. भट्टी बंद केली तरी खमीर मी ठेवलंय, घरापुरते पाव होतात. सोमवारी कॅन उघडला. अगं, हे काय आहे? जळक्या ओल्या लाकडाचा वास, आणि बोट लावून चाखलं तर जीभ संध्याकाळपर्यंत जागेवर आली नाही. मामी म्हणाली, सवत आणलीत ती आणलीत, तिचं जेवण तरी बाहेर ठेवा. चमचाभर घातलं. दोन बुडबुडे आले.

तुझी आई गेली तेव्हा तू आठ वर्षांची होतीस. शाळेच्या आधी मी तुला परातीपुढे बसवायचो. मामी म्हणायची, पोरीला जरा खेळू द्या. मी म्हणायचो, काम शिकली तर कुणाच्या तोंडाकडे बघावं लागणार नाही. त्या बाटलीत तो कडू रस ओतताना हे का आठवलं कुणास ठाऊक.

फेसावर लक्ष ठेवतो.

तुझा
मामा


८ नोव्हेंबर

मामा,

साबणाच्या कारखान्यात माझं काम काय, तर वड्यांचं वजन करायचं. पट्ट्यावरून वड्या येतात, दर विसावी उचलायची, काट्यावर ठेवायची, परत ठेवायची. नऊ वर्षं यीस्ट वाढवल्यावर हे. बाजूची मुलगी चांगली आहे, पण ती दिवसभर एकच गाणं गुणगुणते आणि तेही निम्मंच. जेवणाला साबणाचा वास येतो. केसांना येतो. पाण्याला येतो.

साहेबांचं पत्र आलं होतं. आमचे साहेब म्हणजे प्लँटचे व्यवस्थापक, भला माणूस, पण कार्यालयातून फोन आला की उभं राहून बोलतो. त्यांनी लिहिलंय, आशा आहे. ते आशा आहे असं लिहितात तेव्हा मी पत्र पुन्हा वरपासून वाचते.

थोरली कशी आहे? फेस येतो ना?

मामीच्या गुडघ्याचं काय झालं ते लिही. तू लिहीत नाहीस म्हणजे दुखतोय.

बारकी


२१ नोव्हेंबर

चि. बारकी,

फेस विचारतेस? मंगळवारी बाटलीचं झाकण उडून जिन्याला लागलं. मामीला वाटलं मांजर आलं. आता मोठ्या बरणीत काढली आहे. अंगाने भरली आहे तुझी थोरली, रंगही चांगला उजळलाय. सकाळी उठलो की आधी तिच्याकडे बघतो, मग चहा.

मधे जरा मरगळली होती, त्याचं तुला मुद्दाम लिहिलं नाही. आता ठणठणीत आहे. माझ्यावर सोड.

मामीचा गुडघा दुखतोय. पण गुडघ्यापेक्षा तोंड जास्त चालतंय, तेव्हा काळजीचं कारण नाही.

भोंगा परवा सासुरवाडीला आला होता तेव्हा येऊन गेला. माझा पाव खाऊन म्हणाला, मामा, तुम्ही भट्टी बंद करून गावावर अन्याय केलात. अख्ख्या गल्लीने ऐकलं. मला बरं वाटलं.

मामा


३ जानेवारी

मामा,

हे पत्र नीट बसून वाच.

प्लँटवर वीज वाचवा असं फर्मान आलं. पहारेकऱ्याला सांगितलं, जी इमारत बंद आहे तिचं मेन स्विच पाड. त्याने प्रयोगशाळेचं पाडलं. त्याचा दोष नाही, त्याला काय माहीत आत काय आहे. बारा दिवसांनी साहेब एका कागदासाठी आत गेले तेव्हा फ्रीझरमधून पाणी बाहेर आलं होतं. मी रजा टाकून धावत गेले. एकेक नळी काढून बघितली. थोरलीच्या चाळीस नळ्या होत्या. एकही जिवंत नाही. जमिनीवर बसून राहिले होते, साहेबांनी पाणी आणून दिलं आणि माझ्याशेजारी खाली बसले.

आणि त्याच आठवड्यात कार्यालयाचा निर्णय आला. एक शेवटची चाचणी. १० मार्चला मोठी टाकी भरायची, नुसता काडाचा रस, साखरेचा कण नाही. तीन दिवसांत शंभर लिटरमागे चार लिटर अल्कोहोल निघालं तर प्लँट चालू. नाही निघालं तर सगळं तोडून भंगारात. आम्ही अडतीस जण आहोत. भोंग्याला दुसरं काही येत नाही, तुला माहीत आहे. मलाही येत नाही.

तेव्हा आता जी काही थोरली आहे ती तुझ्या जिन्याखाली आहे. दुसरी कुठेही नाही. मी असू दे म्हणून ठेवली होती आणि आता तीच एक उरली. माझा जीव टांगणीला लागलाय.

फेस येतो ना, एवढंच एका ओळीत कळव. बाकी काही लिहिलं नाहीस तरी चालेल.

बारकी


१० जानेवारी

बारकी,

फेस येतो. भरपूर येतो.

तू जेवत जा. बरणीला आता मी स्वतःशिवाय कुणाला हात लावू देत नाही. मामीने जिन्याखालची केरसुणी हलवली, म्हणाली, पोरीचं सगळं त्यात आहे ना, मग माझी केरसुणी कुठेही राहील. तुझ्या आईला मी शब्द दिला होता की हिला काही कमी पडू देणार नाही. तो मी नीट पाळला असं मला कधी वाटलं नाही. हे तरी नीट करतो. डोळ्यांत तेल घालून बसलोय.

मामा


१५ फेब्रुवारी

मामा,

परत प्लँटवर आले. सगळीकडे धूळ आहे, पण लोक असे कामाला लागलेत की बघत राहावं. भोंग्याने बॉयलर खरवडून असा काढलाय की आत चेहरा दिसतो. काडाचे गठ्ठे आले. चिरण्याच्या यंत्राला नवी पाती बसवली. साहेब स्वतः झाडू घेऊन होते. सगळ्यांच्या मनात एकच आहे, थोरली कधी येणार.

भोंगा शनिवारी तुझ्याकडे येईल. त्याच्या हाती बरणी दे. कॅनमध्ये जो काळा रस उरला असेल तोही दे, म्हणजे खाण्यात बदल होणार नाही आणि पहिले दोन दिवस तिला तोच घालता येईल. हिशेबाने जवळजवळ सगळाच उरला असेल.

तू माझ्यासाठी काय केलंस ते तुला कळतंय की नाही कोण जाणे. चाचणी झाली की येते. चार दिवस राहीन. परात काढून ठेव.

बारकी


२१ फेब्रुवारी

चि. बारकी,

भोंगा खाली चहा पितोय तोवर लिहितो. थोरली त्याच्या हवाली केली. निघताना मलाच कसंतरी झालं. हसू नकोस.

आता तुला एक गोष्ट सांगायची आहे. इतके दिवस तोंडाला कुलूप लावून होतो, कारण तुला चकित करायचं होतं. कॅनमधलं काळं पाणी उरलेलं नाही. तिसऱ्या सोमवारनंतर मी ते तिला घातलंच नाही.

झालं असं की तिसऱ्या सोमवारी फेस आला नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. खाली चिखलासारखी बसून राहिली. तू लिहिलं होतंस, फेस दिसला की ठीक. नाही दिसला की काय करायचं ते लिहिलं नव्हतंस. मी घाबरलो. त्याच दिवशी जिन्याखाली मुंग्या निघाल्या होत्या, मामीने त्यांच्यावर हाताला आला तो कॅन अख्खा ओतला. मुंग्या जागच्या जागी मेल्या. मी ते बघितलं आणि मनात म्हटलं, ज्याने मुंग्या मरतात ते मी या बिचारीला पाजतोय? चमचाभर साखर कोमट पाण्यात विरघळवून घातली. सकाळी बघतो तर हा फेस. मला रडू आलं, या वयात.

तेव्हापासून रोज साखर, आणि रविवारी चिमूटभर पीठ. माझ्या खमिराला घालतो तेच, त्याच चमच्याने. तू बघशीलच, काय रूप आलंय तिला. आली तेव्हा काळवंडलेली होती, आता दुधासारखी आहे. मी तुला लहानपणी कधी लाडाने वाढवलं नाही. निदान तुझ्या थोरलीला वाढवलं.

दमदार झाली आहे. तुमच्या त्या काळ्या पाण्याला आता सहज पुरून उरेल.

तुझा
मामा


१३ मार्च

मामा,

हे पत्र मी पाठवणार नाही. पण लिहिल्याशिवाय मला झोप लागणार नाही.

तू तिला मारलंस. चार महिन्यांत, साखर घालून घालून, प्रेमाने मारलंस. भोंग्याने बरणी टेबलावर ठेवली आणि मी झाकण काढलं तर पावाचा वास आला. ताज्या पावाचा, तुझ्या भट्टीचा, आठ वर्षांची असताना माझ्या फ्रॉकला यायचा तो. सगळे भोवती उभे होते. साहेब म्हणाले, वा, किती छान दिसतेय. मी हो म्हणाले. मग तुझं पत्र वाचलं.

सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. निम्मं तर तुझं पावाचंच यीस्ट होतं, त्या एका चमच्यातून आलेलं. बाकीची थोरली असेल किंवा तिच्या नातींच्या नाती, पण त्यांनी तो रस कधी चाखलेलाच नाही. आयतं गोड मिळत असताना विष पचवायची ताकद कोण जपून ठेवेल? ज्या भराभर वाढतात त्याच उरतात, बाकीच्या मागे पडतात. हे मला कळतं. तुला कसं कळावं?

माझ्याकडे सोळा दिवस होते. पेल्यात एक थेंब, दोन थेंब, चमचा, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. नऊ वर्षांचं काम सोळा दिवसांत करायला बसले. दहा भागांत तीन भाग रस, इथपर्यंत आणली. साहेबांना सांगितलं नाही. कुणालाच नाही. मनात म्हणत होते, तिच्या रक्तात कुठेतरी असेलच ते.

१० तारखेला टाकी भरली. अडतीस माणसं टाकीभोवती उभी होती. पहिल्या दिवशी अल्कोहोल मोजायचा काटा हलला नाही, मी म्हटलं वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी काटा हलला नाही. मी थेंबभर काढून त्यात निळा रंग घातला. जिवंत पेशी रंग आत घेत नाही, पांढरी राहते. मेलेली निळी होते. बघितलं तर सगळं निळं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत निळं. तिसऱ्या दिवशीही लोक येऊन उभे राहिले, कारण मी त्यांना सांगितलं नव्हतं. भोंगा मला विचारत होता, ताई, अजून वाफ देऊ का? त्याला एवढंच येतं. त्याचा बॉयलर तीन दिवस घड्याळासारखा चालला.

तुझा राग येतोय. इतका की दोन पत्रं फाडली. आणि मग माझीच पत्रं आठवली. फेस दिसला की समज ठीक आहे. हे मी लिहिलं. अधूनमधून ती आठ आठ दिवस गप्प बसते, तळाला चिखल होऊन पडते, फेस येत नाही आणि तरी जिवंत असते, हे मी लिहिलं नाही. मला ते इतकं माहीत होतं की लिहायचं सुचलंच नाही. आणि मग प्रत्येक पत्रात विचारत राहिले, फेस येतो ना, फेस येतो ना. काय घालतोस हे एकदाही विचारलं नाही. रंग उजळलाय असं तू नोव्हेंबरमध्ये लिहिलं होतंस. मी वाचलं, गाळ बसला असेल म्हटलं, आणि पुढे गेले.

तू फेस आणून दाखवलास. मी तेवढंच मागितलं होतं.


१५ मार्च

मामा,

नमस्कार. तुला उत्तर द्यायला उशीर झाला, चाचणीच्या गडबडीत होते.

चाचणी यशस्वी झाली नाही. दुसऱ्या दिवशी बॉयलरची नळी फुटली, वाफ बंद पडली, टाकी थंड झाली. त्यात कुणाचंच काही चालण्यासारखं नव्हतं. थोरली छान होती. जोमात होती. तू तिला फार चांगलं सांभाळलंस, सगळे तसं म्हणाले. नळी फुटली नसती तर तिने करून दाखवलं असतं.

प्लँट बंद करतायत. मला साबणाच्या कारखान्यात कायमचं घेतलं आहे, तेव्हा माझं बरं झालं म्हणायचं. काळजी करू नकोस. येणार म्हणाले होते, पण आता लगेच रजा मिळणार नाही.

मामीच्या गुडघ्याला तेल लावत जा.

बारकी


३ जून

चि. बारकी, आशीर्वाद.

मार्चपासून तुझं पत्र नाही. मी तीन लिहिली. पहिल्यात तुझ्या बॉयलरला आणि तो नीट न सांभाळणाऱ्या माणसाला यथेच्छ शिव्या घातल्या होत्या. ती तुला मिळाली असतील, तर त्या शिव्या परत घेतो.

एप्रिलच्या शेवटी भोंगा आला. काम शोधत सासुरवाडीलाच राहायला आलाय, बायकोच्या भावाच्या घरात, एका खोलीत पाच जण. मी तो समोर बसल्या बसल्या म्हटलं, असं कसं नळी फुटू दिलीस रे? तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, मामा, कोण म्हणतं? माझा बॉयलर शेवटच्या मिनिटापर्यंत चालू होता. मी स्वतःच्या हाताने बंद केला, त्याची राख स्वतः काढली. हे तो त्याच्या आवाजात म्हणाला. मला नीट ऐकू आलं. मामीलाही आलं.

त्याला यीस्टचं काही कळत नाही. पण तू डोळ्याला भिंग लावून बघितलंस आणि मग खुर्चीत बसलीस ती उठली नाहीस, एवढं त्याने पाहिलं होतं. मी त्याला एकेक विचारत गेलो. बरणी उघडल्यावर ताई काय म्हणाली? काही नाही म्हणाली. मग काय केलं? पेल्यात थेंब थेंब टाकत बसायची, जेवायची नाही. मग मी तुझं पहिलं पत्र काढलं आणि परत वाचलं. सगळं त्यात लिहिलेलं होतं. सुरुवातीला एक थेंब, मग दोन, मग चमचा. मी फेसाचं तेवढं वाचलं होतं.

मामी म्हणाली, पोरीने तुम्हाला दुखवायचं नाही म्हणून खोटं लिहिलं, आता तुम्ही कळलं नाही असं दाखवा. मी दोन दिवस तसं करायचा प्रयत्न केला. जमलं नाही. बारके, मी तुझं होतं नव्हतं ते घालवलं. अडतीस माणसांचं घालवलं. त्यातला एक रोज माझ्या दारावरून काम शोधत जातो आणि मला हात करतो. त्याला अजून माहीत नाही. मी सांगणार आहे, धीर होत नाही.

तू पाठवलेली थोरली गेली, पण बरणी देण्याआधी तिच्यातली थोडी मी जुन्या बाटलीत काढून ठेवली होती, आठवण म्हणून. तुला ती नको आहे हे आता कळतं. तरी ती आहे. मेच्या सुरुवातीलाच भोंगा हिशेब घ्यायला प्लँटवर गेला होता, त्याला म्हटलं, काळा रस कुठे उरला असेल तर आण. भंगारवाल्यांनी अंगणात काढून ठेवलेले दोन डबे त्याने आणले. एवढाच आहे, यापुढे कुठे मिळणार नाही.

सुरुवात केली. पेलाभर साखरपाणी, त्यात एक चमचा रस. मेली. अर्धा चमचा. मेली. मग कानात औषध घालायचा माझा ड्रॉपर उकळून घेतला, त्याने एक थेंब. जगली. आठवडाभर एका थेंबावर ठेवली. मग दोन. दोनावर बारा दिवस. तिसऱ्यावर फेस गेला, परत दोनावर आणली, मग पुन्हा तीन, ते पचले. खमिराची बरणी मी फेकून दिली, मामीला आता विकतचा पाव लागतो. चमचा वेगळा ठेवलाय.

तू नऊ वर्षं लिहिली होतीस. मला पुढच्या महिन्यात पंचाहत्तर लागतील. हे पुरं व्हायचं नाही हे मला कळतं, आणि झालं तरी ते घालायला टाकी कुठे आहे? टाकीचे तुकडे झाले, भोंग्याने बघितले. तरी सोमवार आला की मी जिन्याखाली जाऊन बसतो. दुसरं काय करू?

परवा चौथा थेंब घातला. कालपासून फेस नाही. तळाला बसली आहे, चिखलासारखी. या वेळी मी साखर घातलेली नाही. पुढे बसलो होतो, हात दोनदा साखरेच्या डब्याकडे गेला, पण घातली नाही.

आता मला नीट समजेल असं लिही. ती गप्प असते तेव्हा जिवंत आहे की गेली, हे कसं ओळखायचं?

तुझा
मामा